आधी मेरू, मग किलिमांजारो



गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दारावरची बेल वाजली. आमच्याच ब्लॉकमधलं एक मराठी जोडपं होतं. दोघंही सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला, तिशी नुकती ओलांडलेली. सकाळी सेंट्रल पार्कमध्ये मी चालायला जातो तेव्हा ही दोघं माझ्या शेजारून पळत पुढे जातात आणि "गुड मॉर्निंग काका" मागे टाकून जातात. हातात ट्रेकिंग कंपनीचं छापील वेळापत्रक होतं. "काका, किलिमांजारोला चाललोय. सात दिवसांचा ट्रेक आहे. पण कंपनीवाला म्हणतो की आधी चार दिवस मेरू करा, त्याचे पैसे वेगळे. आम्ही तर हाफ मॅरेथॉन पळतो. मेरू काढून टाकलं तर चालेल ना?"

मी काय उत्तर दिलं ते सांगायला त्या दिवशी दीड तास लागला. सौ. आतून दोनदा डोकावून गेल्या. तेच आज तुमच्यासमोर जरा आवरून मांडतो, कारण हा प्रश्न आता बरेच जण विचारायला लागलेत. पूर्वी आपल्याकडचा माणूस परदेशात जायचा तो बर्फ बघायला नाहीतर पोराला भेटायला. आता ज्वालामुखी चढायला जातो. चांगलंच आहे.

आधी आपण कुठे बसलोय ते बघा. सॉल्ट लेक ही एकेकाळची खारी दलदल. १९६०च्या दशकात हुगळीतला गाळ पाइपातून आणून इथे ओतला, जमीन भरून काढली आणि त्यावर हे आखीव शहर बसवलं. समुद्रसपाटीपासून आपण जेमतेम काही मीटर वर आहोत. इथे पत्ता सांगताना ब्लॉकचं नाव आणि पाण्याच्या टाकीचा नंबर सांगतात. खूण म्हणून दाखवायला टेकाडसुद्धा नाही, मग टाकी तर टाकी. चढ म्हणावा असा इथे मेट्रोच्या स्टेशनांचा जिना. मी स्वतः करुणामयीच्या जिन्यावर पाठीला दहा किलो लावून सराव केलेला आहे आणि तिथल्या सुरक्षारक्षकाने मला दोनदा हटकलेलंही आहे.

अशा सपाट शहरातून चांगले गिर्यारोहक निघतच नाहीत असं नाही हं. कोलकात्याचा सत्यरूप सिद्धांत घ्या. लहानपणी दम्याचा त्रास असलेला हा मुलगा. सात खंडांची सात सर्वोच्च शिखरं आणि सात खंडांचे सात सर्वोच्च ज्वालामुखी, दोन्ही याद्या त्याने पुऱ्या केल्या. जानेवारी २०१९मध्ये अंटार्क्टिकातल्या माउंट सिडलीवर त्याची दुसरी यादी संपली. दोन्ही पूर्ण करणारा तो पहिला भारतीय, आणि त्या वेळी जगातला सर्वांत तरुण. किलिमांजारो हा दोन्ही याद्यांत येतो, कारण आफ्रिकेतला तो सर्वांत उंच डोंगरही आहे आणि सर्वांत उंच ज्वालामुखीही.

तर पाय आणि दम आपल्या सॉल्ट लेकमध्ये तयार होतात. पण उंची सोसायची शरीराची जी तयारी असते ती इथे एक आण्याचीसुद्धा होत नाही. ती फक्त उंचीवरच होते.

आता ती तयारी म्हणजे काय? वर ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो. खरं तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे तेच, शंभरात एकवीस. कमी होतो तो हवेचा दाब. साधारण साडेपाच हजार मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. किलिमांजारोचा माथा ५,८९५ मीटर, म्हणजे तिथे एका श्वासात इथल्या निम्म्याहूनही कमी ऑक्सिजन आत जातो. शरीर यावर पहिला उपाय करतं तो जोरजोरात श्वास घेण्याचा. पण जास्त श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताची आम्लता कमी होते, आणि मेंदू म्हणतो, थांब, पुरे झालं. म्हणजे एक पाय ॲक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर. हा ब्रेक सोडवायचं काम मूत्रपिंडं करतात. ती जास्तीचं बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून देतात. म्हणून उंचीवर पहिले काही दिवस माणूस रात्री तीनतीनदा तंबूची चेन उघडतो. त्याला वैतागू नका, गाडी रुळावर येते आहे असं समजा. पण या कामाला दिवस लागतात. रक्तातल्या तांबड्या पेशी खऱ्या अर्थाने वाढायला तर आठवडे जातात. हाफ मॅरेथॉन पळणाऱ्याची मूत्रपिंडं काही जास्त वेगाने चालत नाहीत. उलट तगडा माणूस वेगाने वर जातो आणि आधी आजारी पडतो.

हे आपल्या फौजेला फार महागात शिकावं लागलं. १९६२च्या युद्धात मैदानातल्या पलटणी घाईघाईने अकरा हजार फुटांच्या वर चढवल्या गेल्या. शत्रूची गोळी न लागताही जवान आजारी पडले, काही दगावले. त्यानंतर आर्मी मेडिकल कोरच्या डॉक्टरांनी या आजारांचा जो अभ्यास केला तो जगात गाजला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १,९२५ जवानांवरचा लेख १९६९ साली अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. आज जगभरचे डॉक्टर उंचीच्या आजाराबद्दल जे बोलतात त्याच्या मुळाशी आपल्या जवानांचे ते आजारपण आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

त्यातून जो शिरस्ता बसला तो आम्हाला पाठ असायचा. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, मग थोडं सपाटीवर चालणं, शेवटी थोडा चढ. त्यापुढे पंधरा हजारांपर्यंत आणखी चार दिवस. पंधरा हजारांच्या वर आणखी चार. आणि महत्त्वाचं म्हणजे महिन्याहून जास्त रजा काढून जो जवान खालून परत येईल, तो कितीही जुना असो, त्याला नवाच धरायचा आणि पहिल्या दिवसापासून सुरू करायचं.

हा शेवटचा नियम मी एकदा मोडला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, लडाखमधली. मी तेव्हा कॅप्टन होतो. सातारा जिल्ह्यातला एक जवान चाळीस दिवसांची रजा संपवून परत आला. एका चौकीवर माणसं कमी होती. चौकी पंधरा हजार फुटांच्या थोडी वर. हा आधी तिथे चार महिने राहिलेला, वाट डोळे मिटून चालणारा. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मी जातो. मला काय नवं आहे तिथलं?" सुभेदार साहेब म्हणाले, "थांबू द्या साहेब, अजून दिवस भरले नाहीत." मी ऐकलं नाही. मला चौकी भरायची होती. कागदावर सही माझी आहे.

दुसऱ्या रात्री वायरलेसवर निरोप आला की त्याला खोकला आहे, झोपलं की दम लागतो. बसल्या जागी धाप लागणं म्हणजे फुप्फुसात पाणी भरायला लागलं. हवा खराब, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. आठ जणांनी आळीपाळीने स्ट्रेचर धरून त्याला अंधारात खाली आणला. साडेपाच तास लागले. आम्ही अर्ध्या वाटेवर ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन भेटलो तेव्हा त्याच्या ओठांवर गुलाबी फेस होता. तो वाचला. तीन हजार फूट खाली आल्यावर तासाभरात त्याने मला ओळखलं आणि पहिलं वाक्य काय बोलला तर, "साहेब, खोकला मला वर निघायच्या आधीपासूनच होता. सांगितला असता तर तुम्ही सोडलं नसतं."

तो अजून दिवाळीला फोन करतो. ऊस किती झाला ते सांगतो. त्या विषयावर आम्ही बोलत नाही.

आता ज्वालामुखीकडे येऊ. तुम्ही म्हणाल, डोंगर तो डोंगर, ज्वालामुखी असला म्हणून काय झालं? फरक पडतो. हिमालयात एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला जायचं तर दरीदरीने आठ-नऊ दिवस चालत जावं लागतं. ती दरीच तुम्हाला हळू नेते. तुमची इच्छा असो वा नसो, शरीराला वेळ मिळतो. मोठे ज्वालामुखी बहुतेक सपाट मैदानात एकटे उभे असतात. पायथ्यापर्यंत गाडी जाते आणि तिथून थेट चढ. इक्वेडोरमध्ये चिंबोराझोवर तर चार हजार आठशे मीटरपर्यंत मोटार जाते. म्हणजे जेवणाआधी शहरात आणि जेवणानंतर आपल्या सियाचेन बेस कॅम्पहून उंच. तिथे तुम्हाला थोपवणारी दरी नाही, ती तुम्हालाच वेळापत्रकात घालावी लागते. कुणी एक लहान ज्वालामुखी आधी चढतं, कुणी दोन. मेक्सिकोत, इक्वेडोरमध्ये, टांझानियात, सगळीकडे हीच रीत आहे.

रीत जुनीही आहे. मॅटरहॉर्न पहिल्यांदा चढणारा एडवर्ड व्हिंपर १८८० साली चिंबोराझोला गेला, सोबत कॅरेल आडनावाचे दोन कसलेले इटालियन गाईड. पाच हजार मीटरच्या आसपासच्या तळावर तिघंही आडवे झाले. डोकं फुटतंय, श्वास पुरत नाही, अन्न जात नाही. पण ते तिथेच थांबले, काही दिवसांत सावरले आणि जानेवारीत माथा गाठला. पुढच्याच महिन्यात व्हिंपर कोटोपॅक्सीच्या माथ्यावर गेला. हा ५,८९७ मीटर, म्हणजे जवळजवळ किलिमांजारोइतकाच. तिथे त्याने मुद्दाम तंबू ठोकला आणि सव्वीस तास राहिला, आजार परत येतो का ते बघायला. तो आजार परत आला नाही. मूत्रपिंडाचं प्रकरण त्याला माहीत नव्हतं, पण पहिल्या डोंगराने दुसऱ्याची सोय केली होती.

किलिमांजारोवर जे होतं ते आकड्यांत बघा. आज डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असा आहे की तीन हजार मीटरच्या वर रोजची झोपायची जागा पाचशे मीटरहून जास्त वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. किलिमांजारोची मरांगू ही सर्वांत जुनी वाट. पहिली रात्र २,७०० मीटर, दुसरी ३,७००, तिसरी ४,७००. रोज हजार. त्याच रात्री उठून माथा. पाच दिवसांत सगळं आटोपतं आणि स्वस्तही पडतं. मला कुणी जवानांची तुकडी अशी न्यायला सांगितली असती तर मी लेखी नकार दिला असता.

म्हणून मेरू. नाव ऐकून आपल्याला बरं वाटतं, पण आपल्या पुराणातल्या मेरूशी याचा संबंध नाही. टांझानियातल्या अरुशा शहराजवळचा हा ४,५६६ मीटरचा ज्वालामुखी, किलिमांजारोपासून साधारण सत्तर किलोमीटरवर. पूर्वेकडची अख्खी बाजू हजारो वर्षांपूर्वी कोसळून गेली, त्यामुळे डोंगर घोड्याच्या नालासारखा उरलाय आणि मध्ये राखेचा एक सुळका उभा आहे. शेवटचा उद्रेक १९१० सालचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्हाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपण लाव्हावरच चालायला शिकतो आणि ते विसरतो. मेरूवर ते विसरता येत नाही, बुटात राख जाते. आणखी एक हिशोब सांगतो. मेरूची चाल जिथून सुरू होते ते मोमेला गेट सुमारे दीड हजार मीटरवर आहे. कळसूबाई १,६४६. म्हणजे आपला महाराष्ट्र जिथे संपतो तिथे मेरूची पहिली पायरी.

मी गेलो तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होतो. सोबत पुण्याचा भाचा, एकोणतीस वर्षांचा, पूर्ण मॅरेथॉन पळणारा. आमचा गाईड चाळिशीचा, कमी बोलणारा. पहिल्याच दिवशी त्याने मला "बाबू" म्हणून हाक मारली. मी म्हटलं, वा, कोलकाता इथेही आहे. मग कळलं, स्वाहिलीत बाबू म्हणजे आजोबा.

मेरूवर गाईडखेरीज बंदूकधारी रेंजरही बरोबर असतो, तो उद्यानाचा नियम आहे. खालच्या जंगलात रानरेडे आणि हत्ती. बंदूकवाल्याच्या मागून चालायची माझी पहिलीच वेळ, आजवर तो माझ्या मागून चालायचा. पहिल्या दिवशी जिराफ दिसले, मोठ्या रानअंजिराच्या कमानीतून वाट गेली, आणि मिरियाकांबा झोपडीवर मुक्काम पडला, २,५१४ मीटर. दुसऱ्या दिवशी सॅडल झोपडी, ३,५७०. खरं सांगायचं तर ही उडीही हजार मीटरचीच आहे. मेरू म्हणजे काही जादू नव्हे. पण फरक असा की इथे उंच झोपायची एकच रात्र. तिसऱ्या दिवशी माथ्याला हात लावून त्याच दुपारी तुम्ही परत अडीच हजारांवर येता. वर जाऊन शरीराला चिमटा काढायचा आणि खाली येऊन झोपायचं.

सॅडल झोपडीवर संध्याकाळी माझं डोकं मागून ठणकायला लागलं. जेवण नको वाटलं. गाईड ताटाकडे बघून म्हणाला, "बाबू, डोकं?" मी म्हटलं, "एकदम ठीक." चौतीस वर्षं फौजेत काढलेला माणूस भाच्यासमोर डोकं दुखतंय म्हणेल? भाच्यानेही "ठीक" म्हटलं. त्याने जेवण संपवलं होतं, त्यामुळे त्याच्यावर विश्वास बसला.

रात्री दीडला निघालो. तासाभराने, ऱ्हायनो पॉइंट नावाची जागा आहे, साधारण ३,८०० मीटर, तिथे भाचा खाली बसला आणि ओकला. गाईडने त्याला उभं केलं, टॉर्चच्या उजेडात टाचेला टाच लावत एका रेषेत चालायला लावलं. मेंदूला सूज येत असेल तर माणसाचा तोल जातो, दारू प्यायल्यासारखा. भाचा सरळ चालला. म्हणाला, "बघा, ठीक आहे मी. चला." गाईड हसला नाही. टॉर्च माझ्याकडे वळवून त्याने विचारलं, "आणि तुम्ही, बाबू? आता खरं."

मला एकदम तो सातारचा जवान दिसला असं म्हटलं तर ते सिनेमासारखं होईल. तसं काही झालं नाही. थंडी होती, डोकं ठणकत होतं आणि खोटं बोलायचा कंटाळा आला होता, इतकंच. मी म्हटलं, "संध्याकाळपासून दुखतंय. भूकही नाही."

त्याने काठी उलटी फिरवली आणि खालच्या दिशेने धरली. संपलं. आम्ही मेरूच्या माथ्यावर गेलोच नाही. माथा मी त्या झोपडीच्या भिंतीवरच्या फोटोत बघितला.

भाचा खाली येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. पैसे भरलेत, रजा काढलीय, आणि मामाने डोकेदुखीचं सांगून टाकलं. मिरियाकांबाला पोचेपर्यंत आमची दोघांचीही डोकी उतरली होती आणि तो दोन ताटं भात जेवला. तेव्हा कबूल केलं त्याने, की त्याचंही डोकं आदल्या दुपारपासून दुखत होतं.

मग तुम्ही विचाराल की मेरूचा उपयोग काय झाला? माथा नाही, प्रमाणपत्र नाही. माझं म्हणणं असं आहे की तिथेच झाला. साडेतीन हजारांवर एक रात्र शरीराने काढली, त्याचा हिशोब शरीरात जमा झाला. त्याहून मोठं म्हणजे आपलं शरीर उंचीवर कसं वागतं, कुठल्या दिवशी डोकं धरतं, कधी भूक मरते, ते कळलं. आणि ते अशा ठिकाणी कळलं जिथून दोन-तीन तासांत खाली येता येतं. गाईडलाही कळलं की ही दोघं मामा-भाचे खोटं बोलतात. पुढे किलिमांजारोवर तो आम्हाला वेगवेगळं बसवून विचारायचा.

अरुशात दोन रात्री काढल्या. याहून जास्त काढू नयेत. उंचीची कमाई टिकाऊ नसते, खाली राहिलं की दिवसागणिक विरत जाते. आमच्या कोलकात्यातले हौशी लोक पूजेच्या सुट्टीत संदकफूला जातात, ३,६३६ मीटर, फार सुंदर जागा, आणि मानतात की जानेवारीतल्या ट्रेकची तयारी झाली. पायांची झाली. उंचीची तोवर संपलेली असते.

किलिमांजारोला आम्ही मचामे वाट घेतली आणि सात दिवसांचे आठ केले. त्या वाटेवर एक दिवस मला फार आवडला. सकाळी चालत लाव्हा टॉवर नावाच्या कड्यापाशी जायचं, ४,६०० मीटर, तिथे जेवायचं आणि संध्याकाळी खाली बारांकोला चार हजारांच्या आत येऊन झोपायचं. वाटेत सगळ्यांची तोंडं वाकडी होतात, एवढं चढवून परत उतरवता कशाला म्हणून. तेच तर कारण आहे. "पोले पोले" म्हणजे हळूहळू, हे शब्द दिवसातून पन्नासदा कानावर पडतात. पहिल्या दिवशी गंमत वाटते, चौथ्या दिवशी राग येतो, आणि माथ्याच्या रात्री तेवढेच दोन शब्द डोक्यात उरतात.

रोज संध्याकाळी बोटाला ऑक्सिमीटर. करोनापासून ते सगळ्यांच्या खणात असतं, त्यामुळे आपली मंडळी त्या आकड्याला फार घाबरतात. इथे अठ्ठ्याण्णव असणारा आकडा तिथे ऐंशीच्या घरात येतो, ते अपेक्षितच आहे. आकड्यापेक्षा माणूस बघा. जेवला का, बोलतो का, सरळ चालतो का, बसल्या जागी धाप लागते का. डायमॉक्सच्या गोळीबद्दलही नेहमी विचारतात. ती त्या ब्रेकवरचा पाय लवकर उचलायला मदत करते, मी स्वतः घेतली, बोटांना मुंग्या आल्या. पण ती डॉक्टरला विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगून, आणि दिवस वाचवायला म्हणून नव्हे.

माथ्याच्या रात्री स्टेला पॉइंटला पोचलो, सुमारे ५,७५० मीटर, तेव्हा मावेंझीच्या सुळक्यामागून उजाडत होतं. गाईडने माझी दहा पावलं बघितली आणि म्हणाला, "बाबू, तुमचा डोंगर इथे संपला." वाद घातला नाही. माथा दीडशे मीटर वर, एक तासाचं अंतर. भाचा साहाय्यक गाईडबरोबर पुढे गेला आणि उहुरूच्या पाटीला हात लावून आला. मी पंधरा मिनिटं बसलो. नैर्ऋत्येला ढगांतून मेरूचं टोक वर आलेलं दिसत होतं. मग उतरलो.

वाईट वाटलं का? वाटलं. अजून वाटतं. पाटीजवळचा फोटो घरात आहे, त्यात मी नाही.

तर त्या दोघांना मी म्हटलं, मेरू काढायचा असेल तर काढा, पण मग किलिमांजारोला दोन दिवस वाढवा. दोन्ही काढू नका. कंपनीला विचारा, गाईड आमच्याशी रोज बोलेल का, की नुसता वेळापत्रक पाळेल. एकाला खाली आणायचं झालं तर दुसऱ्याबरोबर कोण, तेही विचारा. आणि तुम्ही नवरा-बायको आहात, तेव्हा एक ठरवून जा. एकाचं डोकं दुखायला लागलं तर दुसऱ्याने गाईडला सांगायचं, चहाडी म्हटलं तरी चालेल. तो जरा हसला. ती हसली नाही, तिने वहीत लिहून घेतलं.

मग म्हणाली, "काका, ते टाचेला टाच लावून चालायचं दाखवा ना." आमच्या हॉलमधल्या फरशीच्या रेघेवर तिघांनी चालून बघितलं. सरळ चालली ती एकटीच. नवऱ्याचा तोल गेला, सपाता घसरत होत्या म्हणे. माझाही गेला, पण माझ्या गुडघ्याचं वेगळं आहे.

काय ठरलं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. परवा पहाटे करुणामयीच्या जिन्यावर ती भेटली. पाठीवर सॅक, सॅकेत तांदळाच्या पिशव्या, घामाने निथळत होती. मला बघून एका पायरीवर थांबली आणि म्हणाली, "काका, ऑफिस अकरा दिवसांची रजा द्यायला तयार आहे. मी सोळा मागितलीय."